दोन खोल्यांमधला समुद्र

१

मी मत्सरी माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी तोंडात बोट घालायला नको. शेजारच्या दुकानात चार गिऱ्हाइकं जास्त शिरली तरी माझ्या पोटात दुखतं. माझं दुकान चष्म्यांचं आहे. चष्मेवाला म्हणजे शांत, समजूतदार, हळू बोलणारा माणूस असा लोकांचा समज असतो, आणि मी तो मोडत नाही. जळायचं ते आतल्या आत जळतो.

खाऱ्या पाण्याच्या टाकीचं खूळ माझं, पण तिची जागा बायकोने ठरवली. ती घरी नाटकवाल्यांचे पोशाख शिवते. तिची शिवणाची खोली आणि आमचा हॉल यांच्यामध्ये एक भिंत होती. त्या भिंतीपलीकडे नवरा बसलाय की कपाट ठेवलंय हेच कळत नाही, असं ती म्हणायची. चेष्टेतच म्हणायची, पण पुन्हा पुन्हा म्हणायची. मी घरी आलो की हॉलमधल्या खुर्चीत बसतो. दिवसभर लोकांशी गोड बोलून झालेलं असतं, त्यामुळे घरच्यांच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

"भिंत फोड आणि टाकी मध्येच बसव," ती म्हणाली. "दोन्हीकडून काच ठेव. माशांच्या आडून का होईना, दिसशील तरी."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. आपण कोणाला तरी दिसायला हवे आहोत, हे ऐकून कोणाला बरं वाटणार नाही?

२

भिंत फुटली. लोखंडी चौकट आली. खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात, त्यांनी वर येऊन फरशी ठोकून पाहिली आणि वजन पेलेल म्हणाले, फक्त टाकीसमोर नाचू नका. काच जिन्याच्या वळणावर अडकली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता, पण तीही एकदाची चढली.

मग पाणी. नळाचं चालत नाही, गाळून अगदी कोरं केलेलं लागतं. ते पिंपात भरायचं, मीठ घालायचं आणि ढवळत ठेवायचं. खारेपणा बघायला दुर्बिणीसारखी एक छोटी नळी असते. तिच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरली की आत निळी-पांढरी रेघ दिसते. ती रेघ बघण्यात मी तासन्‌तास घालवू शकलो असतो. काचेतून बघणं हा तर माझा धंदाच.

खडक आले ते जिवंत. म्हणजे छिद्राछिद्रांचे, ओले, आणि प्रत्येक छिद्रात काही ना काही वळवळणारं. पहिले काही आठवडे घरभर कुजका वास भरून राहिला. पाणी मुरायला वेळ द्यावा लागतो, तोवर त्यात जीव सोडायचे नाहीत. बायको नाकाला कापड बांधून मशीन चालवत होती. एकदा काचेपलीकडून डोकावून तिने विचारलं, की यात मासे येणार आहेत की गेलेत.

मासे, मीठ, खडक, सगळं ज्याच्याकडून घेतलं त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. हा माणूस जन्मात गुडघ्याच्या वर समुद्रात गेलेला नाही, पण डोक्यावर पांढरी टोपी घालतो आणि दुकानाला जहाज म्हणतो. मला तो डॉक्टर म्हणतो. मी डॉक्टर नाही हे सांगून मी थकलो. त्याने मला एकच नियम दिला. टाकीला एकाच माणसाच्या हातून खायला मिळालं पाहिजे. दोन हात लागले की दोघंही घालतात, जास्तीचं कुजतं आणि टाकी मरते.

तो नियम मी घरी असा काही सुनावला की बायकोने दोन्ही हात वर केले.

३

हळूहळू टाकी भरली. गोगलगायी, शंखात राहणारे खेकडे, केशरी अंगावर पांढऱ्या पट्ट्यांची माशांची जोडी, एक निळा, एक लाजरा पिवळा. पोवळी मी शेवटी आणली. त्यांतलं एक माझं फार लाडकं. कॅप्टन त्याला सूर्यपोवळं म्हणायचा. दिवसा ते नारिंगी गाठींचा नुसता गोळा असतं. खायला मिळणार अशी खात्री पटली तरच प्रत्येक गाठीतून पिवळ्या पाकळ्या बाहेर येतात. ही खात्री त्याला रोज ठरलेल्या वेळी घास भरवून शिकवावी लागते.

संध्याकाळी दुकान बंद करून आलो की माझी पूजा ठरलेली. हात धुवायचे. गोठवलेल्या कोळंबीचा तुकडा पाण्यात विरघळवायचा. मग पंप थांबवायचं बटण दाबायचं, म्हणजे घास प्रवाहात वाहून जात नाही. आमच्या घरात त्या पंपाची घरघर चोवीस तास असते, इतकी की ती कानाला ऐकूच येत नाही. बटण दाबलं की ती थांबते, आणि मग सगळं घरच श्वास रोखल्यासारखं वाटतं. थोड्या वेळाने पंप आपोआप सुरू होतो.

मासे काचेशी धावत यायचे. माझ्या चेहऱ्याला, माझ्या हाताला ओळखून. दुसरं कोणी उभं राहिलं तर ढिम्म हलायचे नाहीत. पाहुण्यांसमोर हे दाखवताना माझी छाती फुगायची.

सूर्यपोवळं मात्र उघडेना. पिचकारीने एकेका गाठीवर घास सोडायचा, वाट बघायची, आणि ते मिटलेलंच. रुसलेल्या माणसासमोर ताट घेऊन बसावं तसा मी रोज बसायचो. काचेपलीकडे बायकोचं मशीन चालू असायचं. कधी वर बघितलं तर पाण्यातून तिचा चेहरा दिसायचा, थोडा रुंद, थोडा सरकलेला. तीही बघायची. मी पोवळ्याकडे बघतोय हे कळलं की पुन्हा मान खाली घालायची.

४

एका संध्याकाळी मी आलो तेव्हा मासे आले नाहीत.

आजारी आहेत म्हणावं तर तसंही नव्हतं. पोटं टम्म, अंगावर तकाकी. घास नाकासमोरून गेला तरी केशरी जोडीने तोंड फिरवलं. जेवून आलेल्या पाहुण्यासारखं. मी सूर्यपोवळ्याकडे पाहिलं. एका गाठीच्या तोंडाशी पिवळं टोक होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते आत गेलं.

म्हणजे ते उघडलेलं होतं. मी येण्याआधी, पूर्ण, पाकळ्या पसरून. आता मिटत होतं.

पाणी तपासलं. तपासणीचं औषध घातलं की पाण्याला फिका गुलाबी रंग यायचा, तो आज गडद लाल. जास्तीचं अन्न पडत होतं. दोन हात लागले होते.

मी बायकोला शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की तू यांना काही घातलंस का. ती सुईत दोरा ओवत होती.

"तुझ्या टाकीला हात लावायची माझी टाप आहे का?" ती हसत म्हणाली. हसू खरं होतं. मग तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं, चेष्टा चालली आहे की काय असं, आणि पुन्हा कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी मासे तिच्या बाजूच्या काचेशी गोळा झालेले दिसले. ती खोलीत नव्हती, स्वयंपाकघरात होती. खोली रिकामी होती. मशीन, पोशाखांची रांग, खिडकी. तरी ते सगळे तोंडं तिकडे करून, शेपट्या हलवत, एका ओळीत थांबले होते. मग ओळ हळूहळू डावीकडे सरकली. मग आणखी डावीकडे, दाराच्या दिशेने. आणि मोडली.

टाकीच्या काचा कोनातून बघितल्या की आरशासारख्या होतात. माशांना स्वतःचीच प्रतिबिंबं दिसली असतील, असं मी स्वतःला समजावलं. हे मला नाही कळणार तर कोणाला?

५

खरं सांगायचं तर मला त्या वेळी भीती वाटलीच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती, भीतीला जागा कुठे होती? घरात दुपारचा कोणीतरी येत होता. मासे खोटं बोलत नाहीत.

माझा संशय नाटकवाल्यावर. पोशाख न्यायला येणारा, रुंद खांद्यांचा, जिन्यातून हसत येणारा माणूस. बायको त्याच्याशी बोलताना हात हलवून बोलते. माझ्याशी बोलताना तिचे हात कामात असतात. मी घरात खुणा शोधायला लागलो. ओट्यावर विसळून पालथे घातलेले दोन कप. खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल, मिठाचा वास असलेला. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे बायको स्वतः. ती गुणगुणायला लागली होती. तिचा चेहरा उजळला होता. ती सुखात होती, आणि ते सुख मी दिलेलं नव्हतं. हे कळायला मला कोणाची साक्ष नको होती.

एका दुपारी मी दुकानातून घरचा फोन लावला आणि मुद्दाम गप्प राहिलो.

तिने उचलला. हॅलो म्हणाली. तिच्या आवाजामागे काहीच नव्हतं. ते काहीच नसणं मला ओळखू यायला क्षणभर लागला. पंप बंद होता. घर श्वास रोखून होतं. ती पुन्हा हॅलो म्हणाली, मग तोंड बाजूला करून कोणाला तरी म्हणाली, "बोलतच नाही कोणी." बोलताना हसत होती. मग पंपाची घरघर सुरू झाली आणि फोन ठेवला गेला.

६

मी कॅप्टनकडे गेलो. मनातलं सगळं सांगायचं नव्हतं, फक्त मासे असे का वागतात ते विचारायचं होतं. तो टोपी मागे सारून म्हणाला की मासे मालकाला नाही, भरवणाऱ्याला ओळखतात. मग त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

"पण आता तुला कसली काळजी, डॉक्टर? सूर्यपोवळं उघडलं म्हणून परवा दुपारी केवढ्या आनंदात आला होतास. इतक्या दिवसांत पहिल्यांदा इथे बसून गप्पा मारल्यास. मी घरी जाऊन सांगितलं, हा माणूस हसतो म्हणून."

परवा दुपारी मी दुकानात होतो. एका शिक्षिकेच्या चष्म्याच्या काचा बसवत होतो. त्या समोर बसून मुलांच्या तक्रारी सांगत होत्या. मी कॅप्टनला म्हटलं, तुझा गोंधळ होतोय. तो म्हणाला, होत असेल बुवा, माझ्या जहाजावर किती लोक चढतात. पण मी निघालो तेव्हा तो टोपी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला.

परतताना मी हिशेब मांडत होतो. मी स्वतःच दुपारी उठून घरी जातो आणि विसरतो का? शक्य नव्हतं. माझ्या हातात दिवसभर दुसऱ्यांचे डोळे असतात. काच एक केसभर चुकली तर माणूस जिन्यावरून पडतो. मी विसरणारा माणूस नाही. मग माझ्यासारखा दिसणारा कोणी? आणि नुसता दिसणारा नाही. माझ्यापेक्षा बरा बोलणारा.

हा शेवटचा विचार मला सगळ्यात जास्त खुपला. नाटकवाला परवडला असता.

७

त्या संध्याकाळी बायको आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. टाकीचा निळा उजेड तिच्या पावलांवर पडला होता. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. असं तिने फार दिवसांत केलं नव्हतं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "तू दुपारी येतोस ना हल्ली, ते मला फार आवडतं. पंप बंद करून बसतोस, बोलतोस, मला हसवतोस. मला वाटलं होतं, आपलं आता असंच चालायचं." मग जरा थांबून म्हणाली, "संध्याकाळी मात्र तुला काय होतं कोण जाणे. परका वाटतोस."

त्याच वेळी सांगायला हवं होतं, की दुपारी मी येत नाही. जो येतो तो मी नाही. त्याला दार उघडू नकोस. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि त्याचं वजन मला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर ते तिने उचललं असतं.

मी म्हटलं, "दमतो मी संध्याकाळी."

ती म्हणाली, "माहीत आहे." आणि माझा हात हातात घेतला. तो प्रेमाचा स्पर्श होता, आणि माझ्यासाठी नव्हता. तो दुसऱ्याच्या नावावर आलेला होता आणि मी ठेवून घेतला. असा जळफळाट मी आयुष्यात कधी अनुभवला नाही. समोरच्या काचेत आमचं दोघांचं प्रतिबिंब दिसत होतं. मासे त्यातल्या एकाकडेही बघत नव्हते.

मी ठरवलं. आता त्याच्या आधी आपण घरी पोहोचायचं. दुपार माझी होती, घर माझं होतं, ती माझी होती. त्याने जे हसवलं त्याच्यावर मी कडी करणार होतो. तिच्याशी बोलायच्या गोष्टीसुद्धा मी मनात जुळवून ठेवल्या.

८

लख्ख ऊन होतं. दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि चालत निघालो. जिन्यात खालच्या मजल्यावरचे इंजिनियर भेटले. काही विसरलं का, असं त्यांनी विचारलं, कारण मी आत्ताच वर गेलेला त्यांनी पाहिला होता. मी मान हलवली आणि वर चढलो.

किल्लीने दार उघडलं. पंप बंद होता.

हॉल नेहमीसारखाच होता. माझी खुर्ची, माझं वर्तमानपत्र. टाकीवर इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता. सूर्यपोवळं संपूर्ण उघडलं होतं, प्रत्येक गाठीतून पिवळ्या पाकळ्या, पाण्यात हलकेच डोलणाऱ्या. इतकं सुंदर की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्यासमोर किती संध्याकाळी घालवल्या होत्या. माझ्यासाठी त्याने एक गाठही उघडली नव्हती.

पलीकडच्या बाजूने एक हात पाण्यात होता. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. बोटं सैल सोडलेली, आणि केशरी जोडी त्या बोटांतून घास घेत होती, आत-बाहेर करत होती. माझ्या बोटांशी ते कधी आले नव्हते. मी नेहमी पिचकारी वापरायचो. कोपराच्या वर खडक आडवा येत होता, त्यामुळे बाकीचं काही दिसत नव्हतं. दिसायची गरज नव्हती. आपला हात ओळखायला माणसाला चष्मा लागत नाही.

बायको त्याच्या शेजारी उभी होती. हसत होती, मान मागे टाकून, लग्नाआधी हसायची तशी. तिचा हात त्या दुमडलेल्या बाहीवर होता.

मी काचेच्या जवळ गेलो. मासे दचकून खडकांत शिरले. तिने वर पाहिलं.

पाण्यातून तिचा चेहरा नेहमी थोडा सरकलेला दिसायचा. आज तो अगदी सरळ, स्वच्छ दिसत होता. तिने मला पाहिलं. मग शेजारी पाहिलं, वरच्या बाजूला, जिथे त्याचा चेहरा असणार. मग पुन्हा माझ्याकडे. हसू अजून ओठांवर होतं, नुसतं थांबलेलं. मी काच ठोकली नाही. हाकही मारली नाही. जुळवून ठेवलेल्या गोष्टींपैकी एकही आठवेना. मी फक्त तिच्याकडे बघत राहिलो, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच मी तिच्याकडे इतका वेळ नीट पाहत होतो.

हात पाण्यातून वर निघाला. थेंब पडल्याचा आवाज त्या शांततेत मला ऐकू आला.

"कोण आहे गं?" आतून माझ्याच आवाजात कोणीतरी विचारलं. माझाच आवाज, पण त्यात माया होती.

ती माझ्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली. तिने मला ओळखलं होतं. यात मला तिळमात्र शंका नाही, कारण इतक्या वर्षांच्या संसारात तिची ओळखीची नजर आणि अनोळखी नजर मला पाठ झाली आहे. तिला भीती वाटत नव्हती. आश्चर्यही फारसं वाटत नव्हतं. पोशाखासाठी दोन कापडं समोर धरून निवडताना ती अशीच गप्प होते.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे वळली.